फोटो नसलेल्यांचा चित्रकार

मुरली, तुझ्या तेराव्याला आम्ही तुला कोट घातला होता. चिडू नकोस, आधी सगळं ऐकून घे.

झालं असं, की हार घालायला तुझा एक धड फोटो मिळेना. माझ्या मोबाइलमध्ये तुझे ढीगभर फोटो आहेत, पण एकातही तू नाहीस. कुठे तोंडापुढे पंजा धरलाय, कुठे ऐन वेळी मान फिरवलीस, कुठे माझ्याच पाठीमागे लपलास. पुस्तकाच्या मागच्या पानावर चित्रकाराचा फोटो छापतात, तिथे तर तू पाठमोरा बसला आहेस. प्रकाशकाने तेव्हा कपाळाला हात लावला होता. राहता राहिलं आधार कार्ड, आणि त्यावर भले भले लोक फरार आरोपी दिसतात. तेच घेऊन मी परभणीला फ्लेक्सवाल्याकडे गेले. तो म्हणाला, ‘‘मॅडम, उजळ करून देऊ का?’’ मला त्या दिवशी हो आणि नाही यातला फरक कळत नव्हता. मी मान हलवली असणार.

तर त्याने तुला गोरं केलं, निळा कोट चढवला, टाय बांधला आणि मागे उगवता सूर्य लावला. तो फ्लेक्स गावाच्या देखत तुझ्या दारात उभा राहिला आणि मावशी, तुझी आई, बाहेर आली.

‘‘सुमे, ह्यो कोन सायेब हाय?’’

मावशी जवळ गेली. पदराने तुझा चेहरा पुसून बघितला, वरचं काही निघून आत तू सापडशील असं तिला वाटलं असेल. मग म्हणाली, ‘‘डोळे न्हाईत ह्याच्यात. उलटा करा त्याला.’’ भावकीतल्या लोकांनी समजूत घातली, पण तिने तोंड मिटलं ते मिटलंच. शेवटी फ्लेक्स उलटा केला. माणसं येत होती आणि त्या पांढऱ्या कोऱ्या कापडाला फुलं वाहून, हात जोडून जात होती. एक म्हातारा तर त्या कोऱ्या कापडाशी बराच वेळ काहीतरी बोलत उभा होता. मला ते बघवेना. मी आत जाऊन बसले.

त्याला आता दिवस झाले. काल तुझा महिना घातला. तू कसा गेलास ते मी इथे लिहीत बसत नाही. दुपारी चित्राच्या टेबलावर डोकं ठेवलंस आणि मावशीला वाटलं तू झोपलास, म्हणून तिने बाहेर खेळणाऱ्या पोरांना हटकलं, ‘‘गप ऱ्हावा रे, मव्हा मुरली झोपलाय.’’ एवढंच सांगते, कारण ती स्वतः येईल त्याला एवढंच सांगते.

मला तुझा राग आलाय. जन्मभर दुसऱ्यांची तोंडं काढलीस आणि स्वतःचं मागे ठेवलं नाहीस.

शाळेपासून तू असाच. ताडकळसच्या शाळेत अख्ख्या वर्गाच्या वह्यांत बेडकाची आकृती तू काढून द्यायचास, आणि ज्याची वही त्याच्यासारखा त्या बेडकाचा चेहरा असायचा. माझ्या वहीतला बेडूक तर हुबेहूब मी, दोन वेण्या तेवढ्या घातल्या नव्हत्यास. मी आठ दिवस बोलले नव्हते तुझ्याशी. पुढे औरंगाबादला चित्रकला शिकायला गेलास, अर्ध्यात परत आलास, ट्रॉलीवर आणि दुकानांवर नावं रंगवू लागलास. मग फ्लेक्स आला आणि त्याने तुझा ब्रश सुकवला. त्याच फ्लेक्सवर शेवटी आम्ही तुला चढवलं.

पण ब्रश सुकला म्हणून तर ‘खालचं गाव’ झालं. येलदरीच्या धरणात गेलेल्या गावाची चित्रकादंबरी. वर पाणी, आणि खाली तसंच चाललेलं गाव. बाया पाण्याखालच्या आडातून पाणी शेंदतायत, पोरं शाळेत चाललीयत, सुतार पेरणीची पाभर नीट करतोय, आणि कुणालाच कळलेलं नाही की डोक्यावर आता मासे फिरतात. तू काढायचास आणि फुग्यांतले संवाद मी लिहायचे. तू अर्धे खोडायचास. ‘‘बुडालेलं मानूस एवढं बोलतंय का?’’ वर्षं गेली त्यात. पुस्तक पुण्याहून निघालं, लोकांनी वाखाणलं. एकाने लिहिलं होतं, की पाण्याखालच्या सगळ्या माणसांची नजर एकच आहे आणि ती वाचणाऱ्याचा पिच्छा सोडत नाही. आपण ते वाक्य मी शिकवते त्या कॉलेजच्या कँटीनमध्ये मोठ्याने वाचून हसलो होतो. मावशीने मात्र पुस्तक चाळून सरळ विचारलं, ‘‘ही मान्सं मेलेली हायेत का जिती?’’ तू म्हणालास, ‘‘त्याह्यलाच इचार.’’

त्या पुस्तकासाठी जुन्या लोकांशी बोलायला आपण येलदरीच्या बाजूला फिरत होतो, तेव्हाच तुझं ते दुसरं काम सुरू झालं. गंगूबाई आठवते ना? तिचा नवरा उसाच्या फडात वारला. पार तिकडे, कारखान्याच्या मुलखात. तिकडेच सगळं उरकलं. त्याचा एकही फोटो नव्हता. ती म्हणाली, ‘‘दादा, तुमी पान्यातली मान्सं काढायलाव, मव्हा मानूस काढून देता का? मला त्याचं तोंड इसरायला लागलंय.’’

तू तिच्या घरच्या सगळ्यांना ओसरीवर ओळीने बसवलंस. मी कोपऱ्यात. आणि मग तू तुझ्या त्या हळू आवाजात विचारायला लागलास. कपाळ कुणाचं? ती म्हणाली, धाकल्या दिराचं. तू दिराचं कपाळ काढलंस. नाक? थोरल्या लेकीचं, फक्त जरा रुंद. हनुवटी? नातवाची. तू एकेकाच्या तोंडाला बोट लावून ते उजेडाकडे वळवायचास आणि कागदावर उतरवायचास. हळूहळू त्या ओसरीवर एक वेगळंच काहीतरी झालं. माणसं एकमेकांकडे बघायला बिचकायला लागली. लेकीने नाकावर पदर घेतला. दीर कपाळ चोळत बसला. मेलेला माणूस त्यांच्यात थोडा थोडा बसला होता आणि हे त्यांना आत्ता दिसत होतं. भर दुपार होती, आणि मला मात्र तिथून उठून जावंसं वाटत होतं.

डोळ्यांवर आलं की गाडी अडायची. गंगूबाईची अडली, तिच्यानंतर सगळ्यांची अडली. ‘‘डोळे?’’ माणूस थांबायचं, आठवायचं, हात हवेत धरायचं आणि म्हणायचं, ‘‘डोळे त्येंचे त्येंचेच व्हते.’’ कुणालाच सांगता यायचं नाही. मग तू सगळ्यांना बाहेर काढायचास, मलासुद्धा, आणि दार लोटून घ्यायचास. चहा पिऊन होईपर्यंत आतून काही आवाज यायचा नाही. दार उघडलं की चित्र भिंतीला टेकवलेलं असायचं. घरातले दारात थबकायचे, आणि मग एखादी बाई हंबरडा फोडायची. गंगूबाईने तर डोक्यावरून पदर घेतला होता, नवरा खरोखर घरात आल्यागत.

मला हे सहन होत नव्हतं. देवगाव फाट्यावर चहा पिताना मी तुला झाडलं होतं, आठवतंय? मी म्हणाले होते, ‘‘मुऱ्या, ही शुद्ध फसवणूक आहे. तू त्या माणसाला कधी बघितलेलं नाहीस. डोळे तर तू मनाचेच घालतोस.’’

‘‘मग त्याह्यला वळखू कसं यायलंय?’’

‘‘रडणाऱ्या माणसाला काहीही ओळखीचं वाटतं. त्यांना निदान सांग तरी, की हा अंदाज आहे.’’

तू चहा खाली ठेवलास. ‘‘सुमे, तुझं कुनी गेलंय का अजून?’’

मी उठले आणि समोर आलेल्या बसमध्ये चढले, ती कुठे चालली आहे हेही न बघता. नंतर आपण दोघांनीही तो विषय काढला नाही. तेव्हा माझं कुणी गेलं नव्हतं, मुरली. आता गेलंय.

तेरावं झाल्यापासून मावशीने एकच धोशा लावला. तिला तुझं तोंड हवं. आधार कार्ड ती हातात धरायला तयार नाही. मोबाइलमधले तुझे पंजे तिला दाखवले तर म्हणाली, ‘‘ह्ये त्येचं हात हायेत, मला हात काय करायचेत?’’ जेवण तुटलं. भिंतीवर एक खिळा तिने स्वतः ठोकला आणि त्याच्यासमोर बसून राहायला लागली. मी कधीही गेले, तरी ती त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत बसलेली असायची. एकदा म्हणाली, ‘‘तू त्याच्यासंगं फिरलीस. त्याची रीत तुला ठावं हाय. तूच इचार मला, तो इचारायचा तसं. मग कुनाकडून बी काढून घे.’’

मग मी विचारलं. परभणीतल्या ड्रॉइंगच्या एका सरांना बरोबर नेलं होतं. मावशी भिंतीला टेकून बसली, मी तुझ्यासारखा आवाज हळू केला. कपाळ? ‘‘माझंच.’’ नाक? ‘‘माझ्या भावाचं.’’ ओठ? तुझ्या वडिलांचे. सर चांगले, मन लावून काढत होते. एक चेहरा तयार होत गेला, आणि तो तुझ्याजवळ जाणारा होता. मग मी विचारलं, ‘‘मावशी, डोळे?’’

ती थांबली. हात हवेत धरला. ती काय म्हणणार हे मला आधीच माहीत होतं, आणि तरी तिच्या तोंडून ते ऐकताना मी रडले. सरांनी दोन-तीन तऱ्हेचे डोळे काढून बघितले. ती प्रत्येक वेळी मान हलवायची. शेवटी सरांनी कागद गुंडाळला.

तुला डोळे जमायचे कसे, हे बघायला म्हणून मी निघाले. दुसरं काही मनात नव्हतं. तू केलेली चित्रं घरोघर आहेत, त्यांचे फोटो घ्यावेत, सरांना दाखवावेत, एवढाच विचार. पहिली गंगूबाईकडे गेले. ती लेकीकडे गेली होती, सुनेने दार उघडलं. आत अंधार होता. बाहेरच्या उन्हातून आत आले म्हणून आधी काही दिसेना. मग समोरच्या भिंतीवर गंगूबाईचा नवरा दिसला. मुंडासं, खप्पड गाल, पांढऱ्या मिशा. आणि तू माझ्याकडे बघत होतास.

मी मागे सरले, उंबऱ्याला ठेचकाळले. सून म्हणाली, ‘‘ताई, भ्यालाव का? समद्यांयला असंच व्हतंय. मामंजी बघायलेतच तसे.’’

तुझे डोळे कसे होते हे कुणी विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं. पण दिसल्यावर मात्र शंका उरली नाही. समोरचा बोलायचा थांबला तरी अजून ऐकत राहणारे ते डोळे. एका पापणीचा तो जडपणा. फक्त एक चूक होती, आणि त्या चुकीनेच मला पक्कं कळलं. तुझी डावी पापणी जड होती, चित्रात उजवी होती. म्हणजे आरसा. तुझ्या पिशवीत पेन्सिलींबरोबर दाढीचा छोटा गोल आरसा असायचा आणि मी तुला नटवा म्हणून चिडवायचे. दार लोटून तू काय करत होतास ते मला त्या उंबऱ्यात उभं राहून समजलं.

त्यानंतर मी बंद घरांच्या गावात गेले. ऊसतोडीचे दिवस, निम्मं गाव कुलूपबंद, गल्लीत म्हातारी माणसं आणि कोंबड्या. एका घराच्या खिडकीचं दार मोडलेलं होतं. गजांतून आत डोकावले तर समोर एक तरुण बाई, कपाळावर मोठं कुंकू, आणि तुझे डोळे. चित्र भिंतीवर नव्हतंच, एका पत्र्याच्या पेटीवर दाराकडे तोंड करून उभं केलेलं होतं. शेजारची म्हातारी ओट्यावरून म्हणाली, ‘‘जाताना तसंच ठिवून जात्यात. ती राखन करायली घराची. घरधन्याची पयली बायकू व्हती ती.’’

‘‘भीती वाटत नाही तुम्हाला?’’

‘‘भ्यावं कामून? चोरानं भ्यावं.’’

पुढच्या घरी एक पैलवान. त्याच्या पुढच्या घरी तापाने गेलेली पोर, तिच्या इवल्या चेहऱ्यात तुझी ती जड पापणी. मुरली, मी एसटीत बसले होते आणि बाहेर ज्वारीच्या रानापलीकडे गावं मागे जात होती, आणि मला कळत होतं की त्यातल्या कितीतरी घरांत भिंतीवर तू आहेस, म्हाताऱ्या रूपात, बाईच्या रूपात, लेकरू होऊन. घरी येऊन मी ‘खालचं गाव’ काढलं. सुतार, आड शेंदणाऱ्या बाया, शाळेतली पोरं. पान उलटवायचं धाडस होईना. इतकी वर्षं मी तुझ्याच तोंडी संवाद लिहीत होते.

आणि मग खरा पेच पडला. मावशीला सांगावं तर तिला तुझे डोळे मिळत होते. पण ती गप्प बसणारी नाही, गावभर झालं असतं. गंगूबाईला कळलं असतं की ती रोज ज्याच्यापुढे दिवा लावते तो नवरा नाही. त्या पोरीच्या आईला कळलं असतं. फाट्यावर मी तुला म्हणाले होते तेच, त्यांना खरं सांग. आता ते सांगायची पाळी माझ्यावर आली आणि माझी जीभ उचलेना. दुसऱ्या बाजूला मावशी वाळत चालली होती. गेल्या शनिवारी मी तिच्यासमोर बसून नुसती इकडचं तिकडचं बोलले. काल तुझा महिना झाला, पंगत उठली, आणि तिच्या ताटातलं सगळं तसंच राहिलेलं बघून मी तिला सांगून टाकलं.

ती ताट उचलून आत गेली. आज सकाळी आवरून दारात उभी होती.

ताडकळसच्या अलीकडे एका वस्तीवर दत्तरावांचं घर आहे, त्यांच्या वडिलांचं चित्र तू केलं होतंस. मी त्यांना सांगितलं, चित्रांचे फोटो घ्यायचेत, ह्या मुरलीच्या आई. त्यांनी सतरंजी अंथरली, बायको चहा ठेवायला गेली. भिंतीवर आबा. टोपी, तुळशीची माळ, गालावर चामखीळ, ऐंशीच्या घरातलं तोंड. मावशी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. मग तिने पदराचं टोक उचललं आणि आबांच्या नाकातोंडावर धरलं. वर फक्त डोळे राहिले.

‘‘जेवलास का?’’ ती म्हणाली.

दत्तराव दारात आले होते. त्यांनी ऐकलं होतं. ते पुढे आले, चित्राकडे बघितलं, मावशीकडे बघितलं.

‘‘मावशी, आमच्या आबाला वळखत व्हता का तुमी?’’

मावशीने पदर खाली घेतला.

‘‘तुमच्या लेकानं लय उपकार केले,’’ दत्तराव म्हणाले. ‘‘बाकी थोडं इकडंतिकडं आसंल, पन डोळे? डोळे निव्वळ आबाचे. मी अजून बी त्येंच्यापुढं बिडी वडीत न्हाई.’’

आता ती बोलणार, असं मला वाटलं. हक्क तिचाच होता. तिच्या पोटचे डोळे होते ते. मावशीने एकदा चित्राकडे बघितलं, मग त्या माणसाकडे, जो वडलांसमोर उभं राहावं तसा हात बांधून उभा होता.

‘‘व्हय बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘तुझ्या आबाचेच हायेत.’’

मग तिने चहा घेतला. दत्तरावांच्या बायकोने आग्रह केला म्हणून भाकरीही खाल्ली, अख्खी, पिठल्याबरोबर. निघताना तिने चित्राच्या काचेवर बोट ठेवलं, आबांच्या पाया पडल्यागत कपाळाला लावलं, आणि दत्तरावांना म्हणाली, ‘‘ऊन लागू देऊ नका चित्राला.’’

रिक्षात बसल्यावर ती बराच वेळ बाहेर बघत होती. कापूस वेचून झालेली रानं, एखादं कुलूपबंद घर. फाटा जवळ आला तशी तिने माझ्या हातावर हात ठेवला.

‘‘सुमे, अजून किती घरं हायेत?’’

‘‘खूप आहेत, मावशी. मलाही सगळी माहीत नाहीत.’’

‘‘मग पुढच्या शनवारी लवकर ये,’’ ती म्हणाली. ‘‘त्या लहान लेकराकडं आधी जाऊ.’’